पाण्याच्या उपायांची तुलना करणारा अहवाल : सोसायटीतील कामाच्या नोंदी, फेब्रुवारी ते डिसेंबर २०२४

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिम उपनगरात आहे. २००९ साली बांधलेल्या तीन इमारती, ८४ सदनिका आणि सुमारे ३१० माणसे. महापालिकेचे पाणी रोज येते, पण जानेवारीपासून ते पुरत नाही आणि टँकर वाढतात. आजच्या कमिटीच्या बैठकीत खजिनदारांनी नव्या बोअरचा विषय मांडला, त्यावर अर्धा तास वाद झाला, आणि शेवटी सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यासाठी सर्व उपायांची तुलना करणारा एक अहवाल मी लिहावा असे ठरले. इतर सोसायट्यांत हेच काम कोणाच्या अंगावर पडेल, त्यांच्या उपयोगासाठी या नोंदी ठेवत आहे.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली, पण ती लक्षात यायला दोन महिने लागले. इतिवृत्तात विषय "पाणी वाढवण्याच्या उपायांची तुलना" असा लिहिला गेला आणि मी तो तसाच स्वीकारला. पाणी वाढवायचेच आहे, हे आधी कोणी तपासले नव्हते.

३ मार्च

उपायांची पहिली यादी केली : टँकर चालू ठेवणे, नवी बोअर, गच्चीवरचे पावसाचे पाणी, सांडपाणी शुद्ध करून फ्लशसाठी वापरणे आणि प्रत्येक सदनिकेला पाण्याचा मीटर बसवणे. यांपैकी सांडपाण्याचा उपाय आजच वगळला. आमच्या इमारतींत फ्लशसाठी वेगळी नळजोडणी नाही आणि राहत्या ८४ घरांच्या न्हाणीघरांच्या फरशा फोडून ती करण्यास कोणी तयार होणार नाही. तरीही तो का वगळला याची दोन वाक्ये अहवालात राहतील, कारण ती नसली तर सभेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

आजचा उरलेला दिवस २०२३ सालच्या टँकरच्या हिशेबात गेला. वॉचमनच्या वहीत ४३१ टँकर भरले आणि बिलांत ४१२. हा १९ चा फरक शोधण्यात पुढचे दोन रविवार जातील असे दिसते.

१७ मार्च

फरक सापडला. रात्री बारानंतर आलेले टँकर काही वेळा दोन्ही तारखांना लिहिले गेले होते आणि पाच नोंदी रद्द झालेल्या फेऱ्यांच्या होत्या. बिलांचा आकडा, म्हणजे ४१२, कायम केला. प्रत्येक टँकर १०,००० लिटरचा. महिन्यांनुसार मांडणी अशी : जानेवारी २७, फेब्रुवारी ३८, मार्च ६२, एप्रिल ८४, मे १०१, जून ५४, जुलै १०, ऑगस्ट ते ऑक्टोबर मिळून ६, नोव्हेंबर १२, डिसेंबर १८. एका टँकरचा दर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात १,०५० रुपये, मार्च-एप्रिलमध्ये १,२५० आणि मे-जूनमध्ये १,६०० होता. एकूण खर्च ५,४७,०५० रुपये, म्हणजे किलोलिटरला (हजार लिटरला) सुमारे १३३ रुपये.

ही महिन्यांनुसार मांडणी मी केवळ माहिती म्हणून केली होती. पुढे अहवालातील बहुतेक निष्कर्ष तिच्यावर उभे राहिले. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी बाकी काही सोडले तरी चालेल, पण वर्षाची बेरीज करून महिने पुसून टाकू नयेत.

२६ मार्च

धुळवडीनंतर कोटेशन एकत्र केली आणि त्यांची तुलना होऊच शकत नाही असे दिसून आले. बोअर खणणाऱ्या तिघांपैकी एकाने फुटाचा दर दिला होता आणि केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातला आधाराचा पाइप, वगळले होते. दुसऱ्याने पंपासह एकच ठोक रक्कम लिहिली होती. तिसऱ्याने ३०० फुटांचा भाव दिला होता, तर इतरांनी ५०० फुटांचा. मीटरच्या एका कोटेशनमध्ये अठरा टक्के जीएसटी धरलेला नव्हता आणि दुसऱ्यात जोडणीची मजुरी नव्हती. दोष त्यांचा नाही. मी सर्वांना फोनवर "अंदाजे किती येईल?" एवढेच विचारले होते.

आज एका पानाचा तक्ता तयार केला : खोली ५०० फूट, व्यास साडेसहा इंच, केसिंग ६० फूट, पंप, केबल, पाइप आणि पॅनेल वेगवेगळ्या ओळींत, कर शेवटी. हाच रिकामा तक्ता तिघांनाही पाठवला आणि याच ओळींत भरून मागितला. अकरा दिवस वाया गेले. हा तक्ता पहिल्या फोनच्या आधी पाठवायला हवा होता.

१४ एप्रिल

बोअरचा एकसारखा भाव मिळाला : सर्व धरून १,९२,००० रुपये. पण पाणी लागेल का, याचे उत्तर कोटेशनमध्ये नसते. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी वरच्या मुरमाच्या थरात आणि खाली भेगांमध्ये असते. भेग लागली तर पाणी, नाही लागली तर कोरडी बोअर, आणि वीस फुटांवरची दुसरी बोअर पहिलीपेक्षा अगदी वेगळी निघू शकते. म्हणून शेजारच्या पाच बोअरची चौकशी स्वतः फिरून केली. मे महिन्यात त्यांपैकी तीन चालतात आणि दोन कोरड्या पडतात. आमची जुनी बोअर डिसेंबरात दिवसाला पंधरा हजार लिटर देते आणि मे महिन्यात चार हजारांवर येते. नवी बोअर त्याच खडकातून पाणी ओढणार, त्यामुळे तिचेही असेच होईल असे धरले.

जुन्या बोअरच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली. खर्च १,८०० रुपये. एकूण कठीणपणा लिटरला ६४० मिलिग्रॅम आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा २०० आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तेव्हा ६०० पर्यंत चालते. गिझरमध्ये क्षार का साठतात याचे उत्तर यातून मिळाले.

२० एप्रिल

गुणांचा तक्ता केला आणि तो टाकून दिला. यात तीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

सहा निकष घेतले होते : सुरुवातीचा खर्च, चालू खर्च, खात्री, पाण्याचा दर्जा, लागणारा वेळ आणि रहिवाशांना होणारा त्रास. प्रत्येकाला दहापैकी गुण आणि प्रत्येक निकषाला टक्केवारीत भार. भार किती द्यायचा हे कमिटीच्या सात जणांना विचारले. त्यांच्यासमोर तेव्हा उपायांची यादी होती, आणि ज्याला जो उपाय हवा होता त्याने त्या उपायाच्या सोयीचा भार सांगितला. ते जाणूनबुजून झाले असे मला वाटत नाही, पण झाले ते असेच. बेरीज केल्यावर बोअर पहिली आली. मी सुरुवातीच्या खर्चाचा भार तीसवरून वीसवर आणला, तर मीटर पहिले आले. "त्रास" या निकषाचा एक गुण बदलला, तर टँकर पहिले आले. कोणीही हवे ते उत्तर काढू शकेल असा तक्ता सभेपुढे ठेवणे म्हणजे निर्णय आधी करून आकडे मागाहून बसवणे होय, आणि ते मला मान्य नव्हते.

याऐवजी दोन अटी आणि एक माप ठरवले. पहिली अट, उपायाने एप्रिल-मे महिन्यांत पाणी दिले पाहिजे किंवा वाचवले पाहिजे. दुसरी अट, मिळणारे पाणी निदान अंघोळीला आणि धुण्याला योग्य असले पाहिजे. या अटींत जो बसेल त्याची तुलना फक्त एका मापाने : टँकरच्या एक किलोलिटर पाण्याची जागा घ्यायला किती रुपये लागतात. या अटी आणि हे माप कमिटीकडून लेखी मंजूर करून घेतले, आणि त्या वेळी एकाही उपायाचा आकडा समोर ठेवला नाही.

२८ एप्रिल

आज संपूर्ण अहवालाची दिशा बदलली, आणि ती एका साध्या बेरजेने बदलली.

टँकरची जागा घ्यायला किती पाणी लागेल हे काढण्यासाठी एकूण गरज लिहीत होते. नागरी पाणीपुरवठ्यासाठी धरले जाणारे दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण घेतले, तर ३१० माणसांचे ४१,८५० लिटर होतात. बाग आणि जिने-पार्किंग धुण्यासाठी तीन हजार धरले, तर पंचेचाळीस हजारांच्या आत. दुसऱ्या बाजूला, गेल्या एप्रिलमध्ये महापालिकेच्या मीटरवर दिवसाला सरासरी २९,०००, बोअरचे ५,००० आणि टँकरचे २८,००० लिटर आले होते. म्हणजे ६२,००० लिटर पाणी सोसायटीत आले आणि पंचेचाळीस हजारांची गरज होती. उरलेले सतरा हजार लिटर, म्हणजे रोजचे पावणेदोन टँकर, कोठे जातात हे कोणालाच माहीत नव्हते.

प्रथम मी स्वतःच्या बेरजेवर संशय घेतला आणि दोन तास आकडे तपासले. मग माणसे दरडोई जास्त पाणी वापरत असतील असे म्हणून पाहिले; ते शक्य आहे, पण इतके नाही. फेब्रुवारीपासून मी पाणी आणण्याचे उपाय मोजत होते आणि गळती थांबवणे हा उपाय यादीत घातलाच नव्हता. तो आज सहावा उपाय म्हणून घातला.

५ मे

रात्रीची मोजणी फसली. योजना अशी होती : रात्री दोन ते चार या वेळात माणसे झोपलेली असतात, तेव्हा गच्चीवरच्या टाकीची पातळी जितकी खाली जाईल ती बहुतांशी गळती. प्रत्येक टाकीचे आतले माप सहा मीटर गुणिले तीन मीटर, त्यामुळे एक सेंटिमीटर म्हणजे १८० लिटर. तिन्ही गच्च्यांवर एकेक जण खुणा केलेली पट्टी घेऊन उभा होता. दोन चाळीसला बी इमारतीचा पंप आपोआप सुरू झाला, टाकी भरू लागली आणि मोजणी निरर्थक ठरली. पंप ऑटोवर असतो हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते, पण तो बंद करण्याचे काम कोणाचे हे आम्ही ठरवले नव्हते.

१२ मे

दुसरी मोजणी नीट झाली. या वेळी पंपाचे मेन स्विच बंद करून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि वॉचमनला लेखी सूचना दिली. दोन तासांत ए इमारतीची पातळी १ सेंटिमीटर, बीची ७ आणि सीची २ सेंटिमीटर खाली गेली. एकूण १० सेंटिमीटर, म्हणजे तासाला ९०० लिटर.

हे आकडे पाहून मी लगेच बी इमारतीच्या मागचा ड्रेनेजचा चेंबर उघडवला. त्यात स्वच्छ पाणी एकसारखे वाहत होते. इतकी वर्षे भिंतीला ओल आली नाही म्हणून गळती नाही असे आम्ही समजत होतो, आणि पाणी मात्र डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून, सरळ ड्रेनेजला जात होते. चेंबर उघडून पाहण्याची ही चाचणी फुकट आहे, तिला दहा मिनिटे लागतात, आणि कोणत्याही सोसायटीने पहिल्या दिवशी ती करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

१५ मे

परवा मतदानाची सुट्टी होती, त्यामुळे प्लंबर आज आला. तिन्ही इमारतींच्या चढत्या लाइनवर, म्हणजे गच्चीवरच्या टाकीत पाणी नेणाऱ्या पाइपवर, मोठे मीटर बसवले. मीटर ४३,५०० आणि जोडणी ९,००० मिळून ५२,५०० रुपये. कमिटीत यावर नाराजी आहे, कारण अहवालासाठी एवढा खर्च कोणी धरला नव्हता. माझे म्हणणे असे की रात्रीच्या दोन तासांवरून चोवीस तासांचा आकडा काढला, तर सभेत पहिलाच जाणकार सभासद तो खोडून काढील, आणि त्याचे बरोबर असेल.

दुरुस्तीला हात लावण्याआधी आठ दिवस मोजणी करायची असे ठरले. गळती दिसत असताना आठ दिवस थांबणे अवघड होते, पण आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

२३ मे

आठ दिवसांची सरासरी दिवसाला ६०.४ किलोलिटर. बागेचे पाणी बोअरमधून थेट जाते, ते यात नाही. दुरुस्ती सुरू केली, फक्त बी आणि सी इमारतींत. ए तशीच ठेवली.

९ जून

दुरुस्तीला अडीच आठवडे लागले. बीच्या डक्टमध्ये चौथ्या मजल्यावर खाली येणाऱ्या लाइनचा जोड सुटला होता. पाणी पावसाच्या पाइपच्या बाहेरून ओघळत तळाशी जाई, म्हणून ओल दिसत नव्हती. परांची आणि नवा पाइप धरून ७४,००० रुपये लागले. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक आणि पातळीचा सेन्सर बदलण्यास १८,४००, आणि सी इमारतीतील लाइनच्या व्हॉल्व्हला २५,५०० रुपये.

सर्वांत जास्त वेळ फ्लशच्या टाक्यांनी घेतला. टाकीत खाण्याचा रंग घालायचा, वीस मिनिटे फ्लश करायचे नाही, आणि भांड्यात रंग उतरतो का ते पाहायचे. ५६ सदनिकांपैकी ४९ उघडल्या. बाकीचे गावी गेले होते. ९८ संडासांपैकी २३ ठिकाणी रंग उतरला. सदनिकेच्या आतली दुरुस्ती सभासदाने करायची असा नियम आहे, आणि त्यावर आठवडाभर पत्रव्यवहार झाला. शेवटी पहिल्या वेळेचा खर्च सोसायटीने करावा असे ठरले, प्रत्येकी ९०० रुपयांप्रमाणे २०,७००. नियमावर अडून बसलो असतो तर दिवाळी उजाडली असती. दुरुस्तीची एकूण रक्कम १,३८,६०० रुपये झाली.

१७ जून

नंतरच्या सात दिवसांची सरासरी ४६.९ किलोलिटर. घट १३.५ किलोलिटरची. रात्रीची मोजणीही पुन्हा केली : ए १, बी १, सी १ सेंटिमीटर. रात्रीच्या आकड्यांवरून काढली असती तर घट १५.१ किलोलिटर आली असती, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा जास्त. अहवालात मीटरचा आकडा घेतला.

या तुलनेत एक खोट आहे आणि ती अहवालात लिहिली आहे. मे महिन्यात काही कुटुंबे गावी होती आणि जूनच्या मध्यावर शाळांसाठी परतली, त्यामुळे नंतरच्या मोजणीत माणसे जास्त होती. याचा परिणाम घट कमी दिसण्यात होतो. उलट पाऊस सुरू झाल्यावर घरोघरचा वापर थोडा कमी झाला असेल. दोन्ही परिणाम वेगळे काढण्याचे साधन माझ्याजवळ नाही.

३० जून

वाचलेले पाणी टँकरमध्ये बदलताना मोठी चूक होता होता राहिली. दिवसाचे १३.५ किलोलिटर गुणिले ३६५ केले, तर ते ४९२ टँकर होतात, आणि आम्ही वर्षभरात आणतोच ४१२. पावसाळ्यात वाचलेले पाणी एकही टँकर वाचवत नाही, कारण तेव्हा टँकर जवळजवळ येतच नाहीत. म्हणून मार्चमध्ये केलेली महिन्यांची मांडणी पुन्हा काढली आणि दर महिन्याला जास्तीत जास्त किती टँकर वाचतील ते वेगळे काढले. २७२ टँकर वाचतात आणि १४० उरतात. उरलेल्यांपैकी १०४ एकट्या एप्रिल आणि मे महिन्यांतले. वर्षाच्या सरासरी दराने बचत ३,६१,००० रुपये येत होती; त्या त्या महिन्याच्या दराने ती ३,४६,३५० आली, कारण जे टँकर उरतात ते महागाच्या महिन्यांतले आहेत. अहवालात दुसरा आकडा घेतला.

७ जुलै

सर्व उपाय एका मापात बसवले.

गळती : दुरुस्ती तीन वर्षे टिकेल असे धरून वर्षाला ४६,२०० आणि वार्षिक तपासणी व किरकोळ कामाचे ३०,०००, मिळून ७६,२०० रुपये. वाचणारे पाणी २,७२० किलोलिटर, म्हणजे किलोलिटरला २८ रुपये.

बोअर : दहा वर्षांवर खर्च वाटून आणि वीज-देखभाल धरून वर्षाला ५४,२००. जानेवारी ते जून सरासरी आठ हजार लिटर रोज मिळाले, तर सुमारे १,४५० किलोलिटर, म्हणजे ३७ रुपये. पण शेजारच्या पाचांपैकी दोन बोअर कोरड्या पडतात हे लक्षात घेऊन पाणी साठ टक्केच धरले, तर ६२ रुपये. शिवाय पाणी कठीण.

मग प्रत्येक आकडा वाईट बाजूने बदलून पाहिला. दुरुस्ती तीन वर्षांऐवजी एकच वर्ष टिकली तर? १,६८,६०० भागिले २,७२०, म्हणजे ६२ रुपये. दुरुस्ती एका वर्षात निकामी झाली तरी ती बोअरच्या बरोबरीला येते. या एका ओळीने माझी स्वतःची खात्री पटली, आणि खजिनदारांचीही, ज्यांचा फेब्रुवारीपासून बोअरचा आग्रह होता.

मीटरचा उपाय अवघड निघाला. आमच्या इमारतींत प्रत्येक सदनिकेत पाणी चार ठिकाणांहून शिरते : स्वयंपाकघर, दोन न्हाणीघरे आणि धुण्याची गॅलरी. म्हणून ८४ नव्हे, ३३६ मीटर लागतात. प्रत्येकी २,४०० धरून ८,०६,४०० रुपये. आठ वर्षांवर वाटले, तर वर्षाला लाखभर. हा खर्च भरून निघायला सत्तर टँकर वाचले पाहिजेत. गळती थांबवण्याआधी ते ४१२ पैकी सत्तर होते. गळती थांबल्यावर ते १४० पैकी सत्तर आहेत, म्हणजे निम्मे. उपायांचे फायदे स्वतंत्रपणे काढून त्यांची बेरीज करता येत नाही, कारण एक उपाय केला की दुसऱ्यासाठी उरलेले काम कमी होते. हे मला इतक्या उशिरा कळले याचे वाईट वाटते. पहिल्या मसुद्यात सर्व उपाय मिळून ४१२ पेक्षा जास्त टँकर वाचत होते आणि ते माझ्या नजरेतून सुटले होते.

२६ जुलै

काल पुण्यात अतिवृष्टी झाली, खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्याच्या बाजूला घरांत पाणी शिरले. आमच्याकडे फक्त रस्ता तुंबला. गच्चीवरचे पाणी जिरवण्यासाठी बिल्डरने केलेला शोषखड्डा भर पावसात पाहण्याची संधी मिळाली : तो गाळाने पूर्ण बुजला आहे आणि सर्व पाणी गटारात जात होते.

पावसाच्या उपायाचा आकडाही यानिमित्ताने दुरुस्त केला. १,२६० चौरस मीटर गच्ची, साधारण ७०० मिलिमीटर पाऊस आणि वाया जाणारे वीस टक्के सोडले, तर ७०५ किलोलिटर. मसुद्यात मी याचे सरळ सत्तर टँकर केले होते. पण ते पाणी जून ते सप्टेंबरमध्ये येते, साठवायला जागा नाही, आणि जमिनीत जिरवलेले पाणी मे महिन्यात आमच्याच बोअरला येईल याची हमी नाही. पहिल्या अटीत हा उपाय बसत नाही. तरी शोषखड्ड्याच्या सफाईचे ३८,००० रुपये वेगळी शिफारस म्हणून मागितले आहेत, कारण बोअरवर जगणाऱ्या सोसायटीने निदान आपल्या गच्चीवरचे पाणी गटारात सोडू नये, असे मला मनापासून वाटते. ते टँकरच्या हिशेबात मात्र धरलेले नाही.

११ ऑगस्ट

पूर्ण मसुदा ३४ पानांचा झाला. कमिटीबाहेरच्या दोन सभासदांना वाचायला दिला. एकाने चौथ्या पानावर सोडला. दुसऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी सगळा वाचला आणि विचारले, "ताई, मग करायचे काय, ते कोठे लिहिले आहे?" ते एकतिसाव्या पानावर होते, आणि तेथेही "सर्व बाबींचा साकल्याने विचार करता गळती प्रतिबंधास प्राधान्य देणे उचित ठरेल" असे होते. या वाक्यावर कोणालाही ठराव मांडता आला नसता.

२५ ऑगस्ट

अहवाल सहा पानांवर आणला. उरलेले आकडे, कोटेशन आणि मोजणीचे तक्ते परिशिष्टात. पहिल्या पानावरची पहिलीच वाक्ये आता अशी आहेत : "सोसायटीने ए इमारतीची गळती तपासून दुरुस्त करण्यास व दरवर्षी तिन्ही इमारतींची रात्रीची मोजणी करण्यास मंजुरी द्यावी. नवी बोअर या वर्षी घेऊ नये. सदनिकांचे मीटर या वर्षी बसवू नयेत."

त्याखाली शिफारस कशाने बदलेल हेही लिहिले. महापालिकेचा पुरवठा एप्रिलमध्ये दिवसाला २५,००० लिटरच्या खाली गेला, किंवा मे २०२५ मध्ये ऐंशीपेक्षा जास्त टँकर लागले, तर बोअरचा विषय पुन्हा घ्यावा. एका सदस्यांचे मत होते की असे लिहिल्याने अहवाल डळमळीत वाटतो. मला तसे वाटत नाही. बोअर हवी असणाऱ्यांना त्यांचा मुद्दा कायमचा फेटाळलेला दिसला नाही, आणि तो कोणत्या आकड्यावर उघडेल हे कळले.

५ सप्टेंबर

सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी जावी लागते आणि परवा गणपती बसत आहेत, म्हणून आजच नोटिशीसोबत अहवाल घरोघरी दिला. ज्येष्ठ सभासदांसाठी मोठ्या अक्षरात छापला. छपाई १,२६० रुपये.

२२ सप्टेंबर

सभा झाली. ४६ सभासद हजर होते. चर्चा पन्नास मिनिटे चालली, त्यांतील निम्मा वेळ फ्लशच्या दुरुस्तीचा खर्च पुढच्या वेळी कोणी करायचा यावर गेला. त्यावर अहवालात मी काहीच लिहिले नव्हते, आणि ते लिहायला हवे होते. ठरले असे की यापुढे तो सभासदाने करावा, पण रंगाची चाचणी सोसायटी दरवर्षी करील. पहिली आणि दुसरी शिफारस मंजूर झाली. मीटरबाबत निर्णय पुढे ढकलला. शोषखड्ड्याची सफाई मंजूर झाली, पण पैसे पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकातून.

अहवालाला सात महिने आणि माझ्या वहीप्रमाणे सुमारे १४० तास लागले. त्यांतील निदान पन्नास तास गुणांचा तक्ता, न जुळणारी कोटेशन आणि ३४ पानांचा मसुदा यांत गेले.

२४ नोव्हेंबर

या महिन्यात अजून एकही टँकर आलेला नाही. गेल्या वर्षी याच महिन्यात १२ आले होते. यंदा पाऊस चांगला झाला आहे, त्यामुळे हे सगळे श्रेय दुरुस्तीला देणे बरोबर होणार नाही. खरी परीक्षा एप्रिलमध्ये आहे.

१५ डिसेंबर

रात्रीची मोजणी केली. ए १, बी २, सी १ सेंटिमीटर. बी जूनपेक्षा एक सेंटिमीटरने वाढली आहे. चेंबरमध्ये बारीक धार दिसली. सहाव्या मजल्यावरच्या, जूनमध्ये बंद असलेल्या एका सदनिकेच्या फ्लशमध्ये रंग उतरला. तेथील सभासदांनी प्लंबरला मंगळवारी बोलावले आहे. खुणांची पट्टी आणि मोजणीची वही आजपासून बी इमारतीतील एका तरुण सभासदाकडे दिली आहे.